भिंतीतले पाणी: फोडण्याआधी शोध

छताच्या कोपऱ्यात पिवळसर डाग उमटला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. कुणीतरी वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवतो, नाहीतर प्लंबरला फोन जातो आणि तो छिन्नी-हातोडा घेऊन हजर होतो. पहिल्यातून भांडण सुरू होते, दुसऱ्यातून खर्च. गळती सापडेलच याची खात्री दोन्हींत नसते, कारण पाणी कुठून येते हा प्रश्न तोवर कुणी नीट विचारलेलाच नसतो. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये गळती हा कायमचा विषय आहे. त्यावर पत्रापत्री होते, वर्गणी निघते, प्रकरणे न्यायालयापर्यंत जातात. पण गळती शोधायची कशी, याबद्दल फार थोडे बोलले जाते. ती पद्धत अवघड नाही. तिला धीर लागतो, एक वही लागते आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याची शिस्त लागते. हातोड्याची पाळी सगळ्यात शेवटी येते.

घरात शिरणारे पाणी मुख्यतः तीन ठिकाणचे असते. एक नळाच्या लाइनमधले, म्हणजे दाबाखालचे. दुसरे वापरून झालेले: न्हाणीघर, बेसिन, सिंक आणि संडासाचे सांडपाणी. तिसरे पावसाचे. या तिघांचे वेळापत्रक वेगवेगळे असते आणि शोधाची सुरुवात त्या वेळापत्रकापासूनच व्हायला हवी.

दाबाखालची लाइन रात्रंदिवस गळते. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे तोवर तिला विसावा नाही. घराला कुलूप लावून माणसे आठ दिवस गावी गेली तरी डाग पसरतच राहतो. सांडपाण्याची गळती वापराबरोबर येते आणि जाते. सकाळी वरच्या घरातल्या आंघोळी आटोपल्या की दुपारपर्यंत डाग गडद होतो. ते लोक दिवाळीच्या सुटीत बाहेर गेले की कडेने वाळू लागतो. पावसाची ओल जूनअखेर दिसते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओसरते. मे महिन्यात छत ओले असेल तर पावसावर बोट ठेवता येत नाही. मात्र या नियमाला एक पोटनियम आहे. गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि न्हाणीघराखालच्या सनकन (खाली दबवलेल्या) स्लॅबमधला भराव, दोन्ही पाणी धरून ठेवतात. वरचा स्रोत बंद झाल्यावरही ते कित्येक आठवडे खाली झिरपत राहू शकते. म्हणून एका दिवसाच्या निरीक्षणावर निकाल देऊ नये.

शोधाचे पहिले हत्यार पेन्सिल आहे. डागाच्या कडेने रेघ ओढावी, शेजारी तारीख लिहावी आणि फोटो काढावा. तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच करावे. वहीत त्या दिवशी काय काय झाले ते टिपावे: पाऊस पडला का, वरच्या घरात कोण होते, कपडे धुण्याचे मशीन चालले का, महापालिकेचे पाणी किती वाजता आले. दोन आठवड्यांच्या अशा नोंदीने पुष्कळदा तीनपैकी दोन शक्यता आपोआप बाद होतात. महागड्या यंत्रवाल्याला बोलावले तरी त्याने आधी हीच वही मागायला हवी, आणि जो मागत नाही त्याच्याबद्दल मी साशंक राहीन.

तळमजल्यावरच्या घरात आणखी एक शक्यता असते. ओल छतावरून न उतरता जमिनीतून वर चढते, साधारण कमरेच्या आतबाहेर थांबते, तिथे गिलाव्याला पांढरा लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. पायात ओलरोधक थर नसलेल्या जुन्या बांधकामात हे नेहमी दिसते. ही गळती नाही. जमिनीतला ओलावा विटांच्या बारीक छिद्रांतून वर येतो. इथे पाइप शोधत भिंत फोडणे म्हणजे चांगली भिंत वाया घालवणे. तसेच एअर कंडिशनरच्या पाण्याची नळी. ती भिंतीत उलट्या उताराने गेली असेल किंवा तुंबली असेल, तर ऐन उन्हाळ्यात, नळाचा संबंध नसताना, भिंत ओली होते.

पाणी जाते, पण दिसत नाही

गळती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ओली भिंत येते. पण पुष्कळ पाणी कुठलाही डाग न पाडता जाते, आणि त्याचा तोटा जास्त असतो. फ्लशच्या टाकीतला रबरी वॉशर झिजला की पाणी भांड्यात आणि तिथून थेट ड्रेनेजमध्ये उतरत राहते. आवाज नाही, ओल नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे दहा-बारा थेंब टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदलायचा. इतका सोपा तपास प्रत्येक घराने वर्षातून एकदा करावा.

दुसरी अशी जागा म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक. तो नीट बंद होत नसेल तर टाकी ओव्हरफ्लो होते, आणि ओव्हरफ्लोचा पाइप पावसाच्या पाइपात सोडलेला असेल तर कुणाच्याच नजरेला पडत नाही. तिसरी जागा जमिनीतली साठवण टाकी. तिच्या भिंतीला भेग गेली की पाणी मातीत मुरते. मुंबईत संस्थेला पाण्याचे बिल मीटरवर येते आणि दर टप्प्याटप्प्याने चढतो: माणशी दिवसाला १५० लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढे दुप्पट, तिप्पट, चौपट. त्यामुळे टाकीतून मुरणारे पाणी बिलात चढ्या दराने दिसते. अचानक फुगलेले बिल हा गळतीचा सगळ्यात स्वस्त इशारा आहे, पण तो सचिवांच्या फाइलमध्ये दबून राहतो.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ४.३ लिटर, वर्षाला दीड हजार लिटरांहून थोडे जास्त पाणी घालवतो. टपकणाऱ्या नळाबद्दल आपण जितके अस्वस्थ होतो त्या मानाने हे थोडे आहे. आता टाकीपासून १० मीटर खाली, म्हणजे साधारण तीन मजले खाली, पाइपाला २ मिलिमीटरचे भोक आहे असे धरा. त्यातून ताशी सुमारे ९५ लिटर पाणी जाते, दिवसाला सव्वादोन हजार लिटरांच्या वर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे हे सतरा माणसांचे रोजचे पाणी झाले. ज्या संस्था १०,००० लिटरचे टँकर विकत घेतात त्यांच्यासाठी हा दर साडेचार दिवसांनी एक टँकर आहे. हिशेब भोकाच्या क्षेत्रफळावर आणि दाबावर चालतो. भोक निम्मे, म्हणजे १ मिलिमीटरचे झाले तर गळती चौथ्या हिश्शावर येते.

अशी गळती पकडायला रात्र उपयोगाची असते. पंप बंद ठेवून सगळ्यांनी झोपण्याआधी टाकीतल्या पाण्याची पातळी खडूने किंवा मोजपट्टीने नोंदवावी आणि पहाटे, वापर सुरू होण्याआधी, पुन्हा पाहावी. मोठ्या इमारतीत टाकीतून खाली उतरणाऱ्या प्रत्येक डाउनटेक लाइनला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. एका रात्री एकच लाइन सुरू ठेवली की कोणत्या रांगेतल्या घरांत पाणी जाते ते कळते. मग त्या रांगेत मजल्यामजल्याने जायचे. व्हॉल्व्ह गंजून फिरत नसतील, आणि बऱ्याच इमारतींत ते फिरत नाहीत, तर पहिला खर्च तिथे करावा. जमिनीतल्या टाकीची परीक्षाही अशीच: येणारी लाइन बंद, पंप बंद, काही तासांनी पातळी. पावसाळ्यात उलटे होऊ शकते. बाहेरचे पाणी भेगेतून आत येते आणि पातळी वाढलेली दिसते. ही गळतीपेक्षा गंभीर गोष्ट आहे, कारण ते पाणी आपण पितो.

स्वतंत्र मीटर असलेल्या घरात काम आणखी सोपे. सगळे नळ बंद करून मीटरच्या तबकडीवरचे छोटे चक्र पाहावे. ते फिरत असेल तर पुढे कुठेतरी पाणी जाते आहे. पण ही युक्ती चोवीस तास पुरवठ्याच्या शहरांसाठी सांगितलेली आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी काही तासच येते, मीटरही त्या काळातच हलतो, आणि पाणी आल्यावर आधी साठवण टाकी भरत असते. म्हणून बॉल कॉक हाताने वर बांधून, पाणी आलेल्या वेळेत, मीटर पाहावा लागतो. ठरावीक वेळेच्या पुरवठ्याचे आणखी एक नुकसान आहे. पाणी बंद असताना पाइपातला दाब जातो आणि ज्या भोकातून पाणी बाहेर येत होते तिथूनच आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाते. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ आणि वासाचे येत असेल तर भोक आपल्याच जोडणीच्या लाइनवर, गटाराशेजारी कुठेतरी असण्याचा दाट संभव असतो. तक्रार लगेच करावी, आणि तोवर पाणी उकळून प्यावे.

ओल एकीकडे, भोक दुसरीकडे

डागाच्या बरोबर वर भोक असते, हा समज सगळ्यात महाग पडतो. पाणी स्लॅबवर पडल्यावर टाइल्सखालच्या सिमेंट-वाळूच्या थरातून उताराकडे सरकते, तुळईला अडते, वळसा घेते आणि जिथे काँक्रीट कमकुवत किंवा पोकळ असेल तिथून खाली उतरते. विजेच्या वायरींसाठी स्लॅबमध्ये टाकलेली नळी त्याला आयती वाट देते. म्हणून कित्येकदा पंख्याच्या हुकातून थेंब पडतात आणि गळती दोन खोल्या पलीकडच्या न्हाणीघरात असते. पंख्यातून, दिव्याच्या पॉइंटमधून किंवा स्विचबोर्डातून पाणी आले तर शोध नंतर. आधी त्या सर्किटचा एमसीबी पाडावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. घरात आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्यावा.

वरच्या घराचे न्हाणीघर संशयित ठरले की नेहमीचा घटनाक्रम असा असतो. वरच्याला सांगितले जाते की तुमच्या टाइल्स गळतात. तो नाखुशीने टाइल्स उखडतो, वॉटरप्रूफिंग करतो, महिनाभर घर धुळीत जाते. खाली ओल तशीच. मग कळते की दोष डक्टमधल्या संडासाच्या उभ्या पाइपाच्या सांध्यात होता, जो खरे तर संस्थेच्या खर्चाने दुरुस्त व्हायचा. हे टाळायला चार तपास पुरतात, आणि त्यांत एकही टाइल फुटत नाही.

आधी दाबाची बाजू. वरच्या घराच्या न्हाणीघराचा व्हॉल्व्ह बंद करून तीन-चार दिवस बादलीने पाणी वापरायचे. बादलीतले पाणी जमिनीवर आणि मोरीत पूर्वीसारखेच जाते, फक्त भिंतीतली लाइन रिकामी असते. ओल कमी झाली तर दोष लाइनमध्ये. फरक पडला नाही तर दुसरी पायरी: पाणी जमिनीवर न सांडू देता पाइपने थेट नहाणी ट्रॅपमध्ये सोडायचे. याने ओल वाढली तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. तिसऱ्या पायरीत ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून जमिनीवर इंचभर पाणी चोवीस तास भरून ठेवायचे; यात जमिनीचे वॉटरप्रूफिंग आणि ट्रॅपभोवतीचा सांधा तपासला जातो. शेवटी जमीन कोरडी ठेवून शॉवरचे पाणी भिंतीच्या टाइल्सवर मारायचे. प्रत्येक पायरीनंतर किमान एक-दोन दिवस थांबायचे, कारण पाणी भरावातून खाली यायला वेळ घेते. घाईत दोन तपास एकत्र केले की सगळी मेहनत वाया जाते.

पाण्यात रंग टाकावा असे सगळेच सांगतात. प्लंबर मंडळी फ्लोरोसीन नावाचा हिरवा चमकणारा रंग वापरतात, तो चांगला. घरगुती रंग सिमेंटमध्ये शोषले जाऊन खाली पोचेपर्यंत फिके पडतात. हळद तर सिमेंटच्या चुन्याने लालसर होते, चुन्याने कुंकू होते तसे. म्हणून रंग खाली दिसला तर पुरावा पक्का. दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. वरच्या घराला निर्दोष ठरवायला रंग पुरेसा नाही.

पाण्याची ओळख त्याच्या घटकांवरूनही पटते. टपकणारे पाणी बाटलीत धरून त्यात क्लोरीन तपासण्याचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर ते महापालिकेचे ताजे पाणी. अमोनिया सापडला तर सांडपाणी. ज्या इमारतीत फ्लशला बोअरवेलचे आणि नळाला महापालिकेचे पाणी आहे तिथे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारा छोटा टीडीएस मीटर उपयोगी पडतो, कारण बोअरचे पाणी सहसा जास्त क्षारांचे असते. पण काँक्रीटमधून मुरलेले पाणी चुना घेऊन येते आणि आकडा वाढतो, तर क्लोरीन वाटेतच नाहीसे होते. म्हणून या चाचण्या जोराने टपकणाऱ्या पाण्यावर कराव्यात, भिंतीच्या ओलाव्यावर नाही.

यंत्रे काय सांगतात

गेल्या काही वर्षांत थर्मल कॅमेरा घेऊन फिरणारे तज्ज्ञ शहरांत सहज मिळू लागले आहेत. कॅमेऱ्याबद्दल एक गैरसमज पसरला आहे की तो भिंतीच्या आत पाहतो. तो फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. ओल्या जागी बाष्पीभवन होते, जागा थोडी थंड राहते, म्हणून ती वेगळ्या रंगात दिसते. गीझरच्या गरम पाण्याची लाइन गळत असेल तर उलट गरम पट्टा दिसतो आणि तिथे कॅमेरा खरोखर कमाल करतो. थंड पाण्याच्या गळतीत, विशेषतः पावसाळ्याच्या दमट हवेत, जेव्हा काहीच नीट सुकत नाही, चित्र धूसर होते. उन्हाने तापलेल्या बाहेरच्या भिंतीवर तर ते फसवे असते. कॅमेऱ्याने ओलीचा नकाशा काढावा आणि मॉइश्चर मीटरने त्याची खातरजमा करावी. फक्त रंगीत फोटो दाखवून ‘इथे फोडा’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

ऐकण्याच्या यंत्रांची गोष्ट वेगळी. दाबाने बाहेर पडणारे पाणी पाइपात कंप निर्माण करते. जलखात्यातले जुने कर्मचारी लोखंडी सळई पाइपावर टेकवून, दुसरे टोक कानाशी धरून गळती ओळखत आले आहेत. आजचे इलेक्ट्रॉनिक मायक्रोफोन त्याच तत्त्वावर चालतात. लोखंडी पाइपात आवाज दूर जातो. प्लास्टिकच्या पाइपात तो थोड्या अंतरातच विरतो, आणि टाकीच्या कमी दाबावर मुळातच क्षीण असतो. त्यामुळे नव्या इमारतींत या यंत्रांवर जास्त भिस्त ठेवता येत नाही.

घरातल्या लाइनसाठी सगळ्यात निर्विवाद उत्तर देतो तो हातपंपाचा दाबतपास. सगळी तोंडे प्लगने बंद करून, लाइन पाण्याने भरून, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि गेजचा काटा पाहत राहायचे. काटा घसरला तर लाइन गळते, स्थिर राहिला तर ती सुटली. थंड आणि गरम लाइन वेगवेगळ्या तपासाव्यात, मधला डायव्हर्टर त्या जोडतो हे लक्षात ठेवून. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनला जास्त दाब देऊ नये; गंजलेला सांधा तपासातच फुटायचा. आणि प्लास्टिकच्या लाइनमध्ये हवेचा दाब कधीच भरू नये. फुटली तर तुकडे गोळीसारखे उडतात, म्हणून पाइप बनवणारेही तशी मनाई करतात.

काटा घसरला आणि नेमकी जागा सापडली नाही तर मग हायड्रोजन-नायट्रोजनचे मिश्रण लाइनमध्ये सोडून पृष्ठभागावर त्याचा माग काढण्याची पद्धत आहे. हायड्रोजनचे प्रमाण पाच टक्के ठेवतात, त्यामुळे ते पेट घेत नाही. पद्धत उत्तम, पण हे काम सराईत माणसाचेच.

पाइप कशाचा आहे यावरूनही संशयाची जागा ठरते. जीआय पाइपाला आटे पाडताना वरचा जस्ताचा थर निघून जातो, म्हणून गंज आट्यांपासून सुरू होतो. एल्बो आणि टी आधी तपासावेत. फिकट पिवळसर सीपीव्हीसी पाइप स्वतः क्वचित फुटतो. त्याचा घोटाळा सांध्यात असतो: सॉल्व्हंट सिमेंट कमी लागलेले, पाइप पूर्ण आत न बसलेला, किंवा पितळी आट्याच्या फिटिंगमध्ये नळ जास्त आवळल्याने तडा गेलेला. हिरवा पीपीआर तापवून जोडतात. नीट न तापलेला सांधा वर्षानुवर्षे गप्प राहून मग गळतो. जुन्या चाळींतले आणि इमारतींतले बीडाचे सांडपाण्याचे पाइप भिंतीच्या बाजूला, जिथे रंगाचा ब्रश पोचत नाही, तिथे सडतात. समोरून रंगवलेला पाइप मागून उघडा असू शकतो, म्हणून आरसा घालून पाहावे.

कोकणात आणि गोव्यात, जिथे विहिरीवरून घरापर्यंत काळा एचडीपीई पाइप जमिनीतून येतो, तिथे मे महिन्यात अंगणाच्या एकाच पट्ट्यात हिरवे राहिलेले गवत गळतीची जागा दाखवते. प्रेशर पंप बसवलेल्या बंगल्यात, कुणी नळ सोडलेला नसताना पंप रात्री थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल तर लाइनमध्ये कुठेतरी पाणी जाते आहे. इथे आणखी वेगळा तपास लागत नाही.

खर्च कुणाचा

गळती सापडली की दुसरा प्रश्न येतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सामाईक बाहेरची पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन, टाक्या, गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती, त्यामुळे खराब झालेले वरच्या मजल्याचे छत: हे संस्थेच्या खर्चाने. सदनिकेच्या आतली संडास, सिंक इत्यादींची गळती त्या सभासदाच्या खर्चाने. समितीला पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणीही करता येते. म्हणजे पैशाचा वाद हा खरे तर जागेचा वाद आहे, आणि जागा तपासाने ठरते, सभेतल्या आवाजाने नाही. म्हणून माझे मत असे की तपासाचा खर्च नेहमी संस्थेने उचलावा आणि निष्कर्षानंतर दुरुस्तीचा खर्च ज्याचा त्याने. तपासाचे बिल कुणी द्यायचे यावर अडून वर्षभर स्लॅब भिजत ठेवणाऱ्या संस्था सगळ्यांचेच नुकसान करतात.

इमारत नवी असेल तर तिसरा जबाबदार आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी करावी आणि फोटो, तारखा जोडाव्यात. इथे पेन्सिलच्या रेघा आणि वही पुन्हा कामी येतात. वाद मिटलाच नाही तर संस्था आणि सभासद यांच्यातले तंटे १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. तिथे वेळ किती लागतो हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको.

सिंगापूरची व्यवस्था इथे पाहण्यासारखी आहे. तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत वरच्या-खालच्या घरांमधल्या गळतीची जबाबदारी दोन्ही घरमालकांची संयुक्त मानतात. मंडळाच्या साहाय्य योजनेत निम्मा खर्च मंडळ देते, उरलेला निम्मा वरचा आणि खालचा वाटून घेतात. खासगी इमारतींसाठी २००४ चा कायदा गळती वरच्या घरातून आहे असे गृहीत धरतो. तसे नाही हे वरच्याने दाखवायचे. आपल्याला तीच विभागणी घ्यावी लागेल असे नाही. पण आधी दुरुस्ती, मग वाटा अशी स्पष्ट रीत असली की शेजारी शत्रू होत नाहीत, आणि सळ्याही गंजत नाहीत.

सळ्यांचा विषय शेवटी काढला तरी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. ओल काँक्रीटमध्ये टिकली की पोलाद गंजते, गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि वरचा थर फुगून तुकड्यांनी खाली पडतो. छताचे तुकडे पडायला लागले की प्रश्न रंगाचा राहत नाही. आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितले आहे. अशा अहवालांत खराब स्लॅब पुन्हा पुन्हा न्हाणीघरांखाली आणि डक्टशेजारीच सापडतात.

म्हणूनच खालून, ओल्या बाजूने रंग किंवा ‘केमिकल’ लावून देणाऱ्यांना मी ठामपणे नाही म्हणेन. डाग झाकला जातो, पाणी स्लॅबमध्येच अडकते आणि सळ्यांना आणखी भिजवते. ग्राउटिंग, टाइल्सच्या सांध्यांत एपॉक्सी, गच्चीच्या कडेच्या वाट्याची (गोलाईची) दुरुस्ती हे सगळे योग्य जागी चांगले उपाय आहेत, पण स्रोत नक्की झाल्यावर. दुरुस्तीनंतर भिंत वाळायला कित्येक आठवडे, जाड भिंतीला काही महिनेही लागतात. पहिल्या आठवड्यात ओल दिसते म्हणून काम फसले असे समजून पुन्हा तोडफोड करू नये. पेन्सिलची रेघ आत सरकते आहे का, ते पाहावे. रंग सगळ्यात शेवटी द्यावा.

आणि ज्यांच्या घरी सध्या न्हाणीघराचे किंवा स्वयंपाकघराचे काम चालू आहे त्यांना एक विनंती. टाइल्स लागण्याआधी, भिंतीतली लाइन उघडी असताना, शेजारी मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. सांधे कुठे आहेत, व्हॉल्व्ह कुठे आहे, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती, ते कागदावर लिहा. दाबतपास त्याच दिवशी, प्लंबर समोर असताना करून घ्या. या कागदाची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात द्या, कारण घर विकले गेले तरी पाइप तिथेच राहणार आहे.